‘पाणी आलं’चे बारा फॉर्म

डोंबिवली (पूर्व)
गुरुवार, १३ फेब्रुवारी २०२५

चि. ऋतुराज यास,
अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या आईचा गुडघा थंडीत दुखत होता, आता बराच आराम आहे. शुक्रवारचं पाणी अजून बंदच असतं. लिफ्ट कालपासून पुन्हा दुसऱ्या मजल्यावर अडकून बसली आहे. तुझ्या खोलीच्या खिडकीला नवी जाळी बसवून घेतली, कबुतरांनी वैताग आणला होता. तुझा तो पार्टनर बंटी कसा आहे? दोघं वेळेवर जेवता ना? पुण्यात थंडी जास्त असेल, शाल पाठवू का असं आई विचारते आहे. तू नको म्हणशील हे तिला माहीत आहे, म्हणून तिने ती आधीच पिशवीत भरली आहे.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. मी मुद्द्यावर यायला वेळ लावतो आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मंगळवारी मी तुला फोनवर म्हणालो की सोमवारी तुझा ‘पाणी आलं’ हा खेळ लोकांसमोर पाठवू नकोस आणि तू काढलेला धक्का त्यात परत घाल. तू म्हणालास, “बाबा, आता कसं? बारापैकी नऊ जणांनी लिहिलंय धक्का नको. तुम्हीच तर फॉर्म भरून घेतलेत.” मी म्हणालो, पत्र पाठवतो. तू हसलास. तुला वाटलं असेल म्हाताऱ्याला काहीतरी सुचलं आहे. उत्तराबाईंचा भाचा सुश्रुत शनिवारी सकाळी पुण्याला निघतो आहे, त्याच्याबरोबर हे पत्र, शाल आणि एक मोठं पाकीट पाठवतो आहे. पाकीट पत्र वाचून झाल्यावर उघड.

तर ऐक. नोव्हेंबरात मी तुला जे बारा फॉर्म पाठवले, त्यातल्या एकाही शेजाऱ्याने तुझा खेळ खेळला नव्हता. बाराही फॉर्म मी घरी बसून भरले.

लिहिलं एकदाचं. आता पाणी पिऊन येतो.

तू दिवाळीला आलास तेव्हाची गोष्ट. पाडव्याच्या दुपारी तू टीव्हीला ते यंत्र जोडलंस आणि चार रिमोट काढलेस. (तू त्यांना कंट्रोलर म्हणतोस, पण मला रिमोटच म्हणू दे.) चाळीच्या मधोमध एक नळ, चार भाडेकरू, दीड मिनिट पाणी येणार आणि तेवढ्यात ज्याने त्याने आपलं पिंप भरायचं. एकमेकांना ढकलायचं, बादल्या पळवायच्या, साबणावरून घसरायचं, मधूनच म्हैस येणार. चौघं एकाच पडद्यावर, एकाच खोलीत बसून. तुझाच खेळ मी तुला समजावून सांगतो आहे याचं हसू येईल, पण मला तो तेव्हा एवढाच समजला होता. मला तू पिवळा भाडेकरू दिलास. मी नळापाशी गेलो आणि रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढे तुझा लाल भाडेकरू होता, त्याचं होऊ दे म्हणून थांबलो. तुझं भरलं आणि जाता जाता तू मला गटारात ढकललंस. तू हसलास, बंटीही हसला. मी रिमोट खाली ठेवला, “छान आहे” म्हणालो आणि पेपर घेऊन गॅलरीत गेलो.

एका पिवळ्या भाडेकरूसाठी मी महिनाभर मनातून फुगून बसलो होतो, हे चौसष्टाव्या वर्षी लिहायला लाज वाटते.

जाताना तू ते यंत्र आणि रिमोट खोक्यात घालून ठेवून गेलास. म्हणालास, “बाबा, बिल्डिंगमधल्या बारा जणांना चौघाचौघांच्या गटात खेळवा आणि फॉर्म भरून घ्या. काय चांगलं, काय वाईट, दोन्ही पाहिजे. तुमच्याइतकं हे काम कोणाला येतं?” अगदी विश्वासाने म्हणालास. बत्तीस वर्षं मी घरोघर फिरून याद्याच केल्या होत्या ना! नुसत्या केल्या नव्हत्या, दुसऱ्यांच्या तपासल्याही होत्या.

गुणाजी आठवतो तुला? विठ्ठलवाडीचा, लहानपणी तुला बोरं आणून द्यायचा. त्याने एकदा एका चाळीचे चाळीस फॉर्म चहाच्या टपरीवर बसून भरले होते. मी ते पकडले, कारण सगळ्यांची वयं शून्यावर नाहीतर पाचावर संपत होती. मी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं. म्हणालो, “गुणाजी, ज्या माणसाला तू भेटलाच नाहीस त्याच्या तोंडात शब्द घालतोस, म्हणजे तू त्याला मारून टाकतोस.” ऑफिसात पुढे वर्षभर लोक माझं हे वाक्य एकमेकांना ऐकवायचे. मला ते फार आवडायचं.

तर त्याच महिपत तावड्याने नोव्हेंबरच्या एका सकाळी, तुझी आई भिशीला गेलेली असताना, डायनिंग टेबलावर तीन वेगवेगळी पेनं घेऊन बारा फॉर्म भरले. वयं सदतीस, त्रेचाळीस, एकोणतीस अशी टाकली. एका फॉर्मवर चहाचा डाग पाडला. दोघांना मुद्दाम एक रकाना कोरा सोडायला लावला, कारण खरी माणसं एखादा रकाना सोडतातच. गुणाजीने निदान आळसाने केलं होतं. मी ते कसबाने केलं.

आधी एकदा खेळून बघितलं, नाही असं नाही. एकट्याने. एक रिमोट हातात, तीन सोफ्यावर. बाकीचे तीन भाडेकरू नळापाशी नुसते उभे राहिले आणि मी आरामात माझं पिंप भरलं. पडद्यावर ‘पिवळा जिंकला’ आलं, ढोल वाजला. एवढ्या मोठ्या चाळीत एकट्याने जिंकून मला काही बरं वाटलं नाही. मी बंद केलं आणि फॉर्म काढले. ‘फार गोंधळ आहे.’ ‘एकेकाने पाळीने खेळावे.’ ‘ढकलाढकलीने मुलांवर वाईट संस्कार होतील.’ ही सगळी मतं माझीच, नावं तेवढी शेजाऱ्यांची.

जानेवारीत तुझा फोन आला. “बाबा, थँक्यू. तुमचे फॉर्म नसते तर आम्ही गोंधळच घेऊन गेलो असतो लोकांसमोर.” धक्का काढला, पडद्याचे चार चौकोन केले, नळाला रांग लावली असं सांगितलंस. शेवटी नावं येतात तिथे ‘विशेष आभार’ म्हणून माझं नाव घातलंस. मी “बरं केलंस” म्हणालो. मनात म्हटलं, चला, शिस्त आली.

आई जेवायला बोलावते आहे. उरलेलं जेवून लिहितो.

— 

दुपारचे अडीच. आईने विचारलं, कुठवर आलं? मी म्हटलं, थँक्यूपर्यंत. “म्हणजे अजून काहीच नाही लिहिलंत,” म्हणाली आणि वामकुक्षीला गेली.

तिचं बरोबर आहे. मी फॉर्म का भरले ते लिहिलेलं नाही. दारोदार जायचा कंटाळा आला, गुडघे दुखत होते, लोक दुपारी झोपतात, असं काहीही लिहिता येईल. खरं असं आहे की दारोदार गेलो असतो तर प्रत्येक दारात पहिला प्रश्न आला असता, हे काय आहे, कोणी केलं? आणि बिल्डिंगमध्ये मी सांगून ठेवलं होतं की ऋतुराजला कंपनीने पुण्याच्या ऑफिसात पाठवलं आहे, टीम लीडर केलं आहे. तू नोकरी सोडल्याला तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. सव्वा वर्षात मी तुला टीम लीडरवरून मॅनेजर करायच्या बेतात होतो.

लोकांना काय सांगायचं? तावड्यांचा मुलगा इंजिनिअर होऊन म्हशी पळवतो? खोकं हातात घेऊन सेक्रेटरीच्या दारात उभा आहे आणि म्हणतो आहे, आमच्या मुलाने खेळणं केलं आहे, जरा खेळता का? मला ते जमेना. मला तुझी लाज वाटत होती, ऋतुराज. हे वाक्य मी तीनदा खोडलं, पण कागद बदलला नाही. खोडलेलं तुला दिसू दे.

गणपतीत तू आला होतास. आरतीनंतर आपले सेक्रेटरी साईनाथ यांनी तुला विचारलं, “काय रे, काय चाललंय सध्या?” तू तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, “फार काम आहे त्याला, नवीन प्रोजेक्ट आलंय.” तू माझ्याकडे बघितलंस, प्रसादाचं ताट उचललंस आणि आत गेलास. मला वाटलं, मी वेळ निभावून नेली.

आता गेल्या शुक्रवारचं ऐक.

मी सकाळी नवा चष्मा आणायला कल्याणला गेलो होतो. साडेबारा-एकला परत आलो तर आपल्या दाराबाहेर तीन जोड चपला आणि आतून आरडाओरडा. उत्तराबाई ओरडत होत्या, “मारा! मारा त्यांना!” तुझ्या आईला काहीतरी झालं असंच वाटलं. दार नुसतं लोटलेलं होतं.

आत सोफ्यावर चौघं बसले होते. आई, पाचव्या मजल्यावरच्या उत्तराबाई, साईनाथ, आणि आपला वॉचमन तानाजी. पाणी बंद, टँकर उशिरा येणार, म्हणून तिघं टँकरचं बोलायला आले होते. आईने माळ्यावरून खोकं काढून जोडलं होतं. बंटीला फोन करून वायर कुठे घालायची ते विचारून घेतलं म्हणे. मी आलेलो कोणालाच कळलं नाही.

“साईनाथ, माझ्या बादलीला हात लावाल तर बघा!”

“अहो बाई, मघाशी तुम्हीच मला गटारात टाकलंत!”

“काकी, म्हैस आली, म्हैस! सरका ना साइडला!”

तुझी आई एक शब्द बोलत नव्हती. जीभ दातांत धरून ती सेक्रेटरीला एकामागून एक धक्के देत होती.

तुला माहीत आहे, बाथरूमच्या गळतीवरून उत्तराबाई आणि साईनाथ दोन वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत. निरोप असला तर तानाजीमार्फत जातो. आणि इथे बाई म्हणत होत्या, “साईनाथ, तुम्ही तावडेवहिनींना अडवा, मी पाणी भरते, मग तुमचं भरू.” साईनाथांनी अडवलं. बाईंनी पाणी भरलं आणि त्यांची बादली लाथाडून पळाल्या. साईनाथ हसता हसता खोकायला लागले. मी दारात उभा राहून हे बघत होतो. तुझ्या त्या चार चौकोनांत आणि रांगेत यातलं काय उरलं असतं? काहीच नाही.

डाव संपल्यावर साईनाथांनी मला पाहिलं. “तावडे, बसा बसा. अहो, कुठून आणलंत हे? भारी आहे!”

आई म्हणाली, “आणलं नाही. आमच्या ऋतूने केलंय. नोकरी सोडून दीड वर्ष हेच करतोय.”

माझी नजर फरशीवर. आता काय बोलायचं ते जुळवत होतो, तेवढ्यात साईनाथ म्हणाले, “ते माहितीये वहिनी. गणपतीत विसर्जनाला जाताना तोच बोललेला मला. सगळ्यांनाच माहितीये. तावडे काही बोलायचे नाहीत, म्हणून आम्हीपण विषय नाही काढला. म्हटलं, उगाच त्यांना वाईट वाटायला नको.”

ऐकलंस? दीड वर्ष मी ज्यांच्यापासून लपवत होतो, ते गणपतीपासून माझ्यापासून लपवत होते. मी लिफ्टमध्ये टीम लीडरच्या गोष्टी सांगायचो आणि ते माना डोलवायचे. आणि तुलाही माहीत होतं की बाबा लोकांना काय सांगतात. तू मला एका शब्दाने बोलला नाहीस.

पण ते एवढ्यावर संपायचं नव्हतं. खोक्यावर तू चिठ्ठी चिकटवली आहेस ना, ‘खेळून झाल्यावर फॉर्म भरा’? उत्तराबाई जुन्या शिक्षिका, म्हणाल्या, “फॉर्म द्या, मला पुष्कळ लिहायचंय.” आईने खोक्यात हात घातला आणि तळाचं पिवळं पाकीट काढलं. कोरे फॉर्म वेगळे होते. त्या पाकिटात माझ्या बारा फॉर्मांच्या झेरॉक्स होत्या. पाठवलेल्या प्रत्येक कागदाची प्रत ठेवायची ही माझी सवय, त्यात मी लबाडीलाही सूट दिली नव्हती.

बाईंनी आपलं नाव पाहिलं आणि मोठ्याने वाचलं. “‘काय आवडलं नाही: शेजाऱ्यांना ढकलणे अशोभनीय आहे.’ मी हे कधी लिहिलं? आणि वय त्रेसष्ट? मी एकसष्टची आहे!” सगळे हसले. साईनाथांनी आपला वाचला, ते आणखी हसले. मीही ओठ ताणले.

मग तानाजीने आपला हातात घेतला. त्याचा फॉर्म मी डाव्या हाताने लिहिला होता, वाकडा, चुका घालून, वॉचमन कसं लिहील ते डोळ्यांसमोर आणून. त्याने सावकाश वाचला. म्हणाला, “साहेब, मला नीट येतं लिहिता. बारावी झालोय मी.” आवाज चढवला नाही. कागद टेबलावर ठेवला आणि पंप बघायला जातो म्हणून खाली गेला. त्याच्यामागे बाकीचे दोघंही उठले.

आईच्या नावाचाही एक होता. ‘मला यातले काही कळत नाही. ह्यांना विचारा.’ तिने तो वाचला, चार घड्या घातल्या आणि देवघराच्या खणात ठेवला. मी म्हटलं, मालन, अगं... ती स्वयंपाकघरात गेली. रविवारपर्यंत माझ्याशी बोलली नाही. रविवारी सकाळी चहा ठेवताना म्हणाली, “बत्तीस वर्षांत मला एकदा तरी विचारलंत का, मला काय कळतं?” मी नाही म्हणालो. “मग जा. विचारत फिरा सगळ्यांना,” म्हणाली.

म्हणून फिरलो.

सगळ्यात आधी खाली तानाजीच्या केबिनमध्ये गेलो. माफी मागितली. तो म्हणाला, “जाऊ द्या साहेब,” आणि मला बसायला खुर्ची दिली. ती खुर्ची फार जड गेली. मग नोटीस बोर्डावर मी सहीनिशी कागद लावला. ‘माझा मुलगा ऋतुराज याने बनवलेला खेळ रविवारी आणि सोमवारी दुपारी चार वाजता सोसायटी ऑफिसात खेळायला मिळेल. खेळून आपले खरे मत लिहून द्यावे. नोव्हेंबर महिन्यात आपल्यापैकी काहींच्या नावे जी मते पाठवली गेली ती मी स्वतः लिहिली होती. म. गो. तावडे.’ बोर्डाची किल्ली साईनाथांकडे असते. त्यांनी कागद वाचला. “शेवटची ओळ राहू द्यायची?” मी म्हटलं, राहू द्या.

सोमवारी सकाळी विठ्ठलवाडीला गेलो. गुणाजी थकला आहे, पण ओळखलं. सगळं सांगितलं. त्याने आधी चहा टाकायला सांगितला. मग विचारलं, “साहेब, वयं कशी टाकलीत?” मी म्हटलं, सदतीस, त्रेचाळीस, एकोणतीस. “शिकलात तुम्ही,” म्हणाला. मग आम्ही चहा प्यायलो. दुपारी त्याला रिक्षाने डोंबिवलीला घेऊन आलो आणि त्यालाही खेळवलं. त्याचाही फॉर्म पाकिटात आहे. वय अठ्ठावन्न, मी खात्री करून घेतली.

आता कामाचं. अकरा खरे फॉर्म सोबत आहेत. सगळे तुझं कौतुक करतील असं समजू नकोस.

धक्का हवा, असं अकरापैकी दहा जण म्हणतात. गुणाजी फक्त म्हणतो की म्हशीचा धक्का माणसाच्या धक्क्यापेक्षा जोरात लागायला हवा, त्याने म्हशी पाळल्या आहेत. चार चौकोन नकोत. सगळे एकाच चाळीत दिसले पाहिजेत, नाहीतर भांडायचं कोणाशी? पण हिरवा आणि निळा भाडेकरू सारखेच दिसतात. उत्तराबाई अर्धा डाव साईनाथांचा माणूस आपला समजून बघत होत्या आणि तो आपलं ऐकत का नाही म्हणून चिडत होत्या. प्रत्येकाच्या डोक्यावर काहीतरी वेगळं दे, टोपी, फेटा, काहीही. सूचनांची अक्षरं मुंग्यांएवढी आहेत, ती नव्या चष्म्यातूनही मला दिसली नाहीत. पहिला डाव कोणालाच कळत नाही, त्यात नुसती बोंबाबोंब होते. दुसऱ्यापासून मजा. म्हणून पहिला डाव हिशोबात धरू नये, असं साईनाथ लिहितात.

आणि एक खरी मोठी खोट आहे. ज्याचं पिंप आधी उलटतं तो बाद होऊन नुसता बघत बसतो. सोमवारी शेजारच्या विंगमधल्या शकूताई सलग चार डाव दहाव्या सेकंदाला बाद झाल्या आणि शेवटी मटार सोलायला घेतले. त्यावर तानाजीने जे लिहिलं आहे ते नीट वाच. तो म्हणतो, बाद झालेल्याला गॅलरीत पाठवा आणि तिथून ओले कपडे खाली टाकू द्या, ज्याच्या डोक्यावर पडतील त्याला दोन सेकंद काही दिसणार नाही. मी हे दोनदा वाचलं. मी त्याच्या नावाने लिहिलं होतं, ‘खेल बरा हाय.’

एकट्याने हा खेळ काहीच नाही, हेही लिही कुठेतरी, खोक्यावरच लिही. माझ्यासारखा कोणीतरी एकटा खेळेल आणि त्यावरून मत ठरवेल. या खेळात निम्मं काम तुझं आहे, निम्मं सोफ्यावर कोण बसलं आहे त्याचं. ही त्याची खोट आहे आणि तेच त्याचं बळही आहे, मला तरी ते वेगळं काढता येत नाही.

परवा मंगळवारी, तुला फोन करायच्या आधी, मीही खेळलो. पुन्हा पिवळा. सवयीने रांगेत उभा राहिलो. तुझ्या आईने मला गटारात ढकललं आणि पाच दिवसांत पहिल्यांदा हसली. मी उठून तिला ढकललं. तिने पुन्हा मला. पाणी गेलं तरी आमचं चाललंच होतं, कोणाचं पिंप भरलं ते मला आठवतसुद्धा नाही. आणि तेव्हा मला पाडव्याची दुपार आठवली. तू मला ढकलून हसलास ते मला चिडवायला नव्हतं रे. तू वाट बघत होतास, मी उठून तुला उलट ढकलेन म्हणून. आणि मी पेपर घेऊन गेलो.

आता एकच राहिलं. ते मी सकाळपासून टाळतो आहे.

नोव्हेंबरच्या त्या बारांत एक फॉर्म माझ्याच नावाचा होता. वर नाव, वय, व्यवसाय, आणि चौथा रकाना: ‘खेळ बनवणाऱ्याशी नाते’. त्यात मी लिहिलं, ‘नाही’. नातेवाइकांची मतं कोणी धरत नाही म्हणून तसं लिहिलं, असं उत्तर मी तयार ठेवलं होतं. तू विचारशील म्हणून. दहा शेजाऱ्यांचं ‘नाही’ लिहून हात बसला होता, असंही म्हणता येईल. दोन्ही खोटं आहे. पेन थांबलं होतं, ऋतुराज. मी विचार करून लिहिलं.

तू बाराही फॉर्म वाचून तक्ता केलास, म्हणजे तो वाचला असणार. माझं अक्षर तुला ओळखू येतं. तरी तू जानेवारीत फोन करून मला थँक्यू म्हणालास आणि शेवटच्या नावांत माझं नाव घातलंस. ते ‘विशेष आभार’ आता काढून टाक. तिथे तानाजीचं नाव घाल. पूर्ण नाव त्याच्या फॉर्मवर आहे, त्याच्याच अक्षरात.

पाकिटातला बारावा फॉर्म माझा. यावेळी खेळून भरला आहे, एकाच पेनाने. काय आवडलं, काय नाही, सगळं लिहिलं आहे. चौथा रकाना मात्र कोरा ठेवला आहे. बोर्डावर मी ‘माझा मुलगा’ असं लिहून मोकळा झालो, पण तिथे मला कोणाला विचारायचं नव्हतं. इथे तुला विचारल्याशिवाय लिहायचा धीर होत नाही. बत्तीस वर्षांत अर्धवट फॉर्म मी कधी पुढे पाठवला नाही. हा पहिला.

तो रकाना तू भर. जे वाटेल ते लिही. ‘नाही’ लिहिलंस तरी मी तक्रार करणार नाही.

शाल आईची आहे, ती परत पाठवू नकोस.

महिपत गोविंद तावडे